गाठ साधी आहे, मग काढायची कशाला?

१. एक रास्त शंका

घशाची तपासणी आटोपून रुग्ण खुर्चीतून उठतो, बाहेर थांबलेल्या मुलाला किंवा भावाला आत बोलावून घेतो, आणि "गाठ आहे, पण साधी आहे, कॅन्सरची नाही" असा डॉक्टरांनी दिलेला दिलासा ऐकून क्षणभर सुस्कारा टाकतो न टाकतो तोच कोल्हापुरी रोखठोकपणाने विचारतो, "साधी हाय म्हंता, मग काढायची कशाला?" ही शंका अडाणीपणाची मुळीच नव्हे. पाठीवर लिंबाएवढे आवाळू घेऊन वीस-वीस वर्षे उसाच्या फडात राबलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्या आवाळवाने त्यांचे काही बिघडवले नाही आणि त्यांनीही त्याच्या वाटेला जाण्याचे कारण पाहिले नाही. मग कंठातल्या वाटाण्याएवढ्या गाठीसाठी भूल, दुर्बीण आणि शस्त्रक्रिया असा सरंजाम कशाला मांडायचा?

याचे उत्तर असे, की वैद्यकशास्त्र 'साधी' हा शब्द केवळ गाठीच्या स्वभावापुरता वापरते. साधी गाठ सावकाश वाढते. वाढताना ती शेजाऱ्याला बाजूला सारते, पण त्याच्या घरात मुळे रोवीत नाही. आणि रक्तावाटे किंवा रसवाहिन्यांवाटे दूरच्या मुलखात जाऊन तेथे आपली नवी वसाहत थाटीत नाही. या तीन गोष्टी जमेस धरल्या की गाठीला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळतो. ती ज्या जागी बसली आहे तेथे तिच्यामुळे काय अडते, याविषयी मात्र त्या दाखल्यात एक अक्षरही नसते. परसात पडलेला धोंडा पिढ्यान् पिढ्या तसाच राहिला तरी फार तर त्यावर धुणी धुतली जातात. तोच धोंडा विहिरीच्या तोंडात अडकला तर त्याच दिवशी चार माणसे बोलवावी लागतात.

येथे एक खुलासा आधीच करून ठेवतो, नाहीतर हे प्रकरण वाचून घोगऱ्या आवाजाचा प्रत्येक मनुष्य हबकून जावयाचा. आवाज बसलेल्या बहुसंख्य लोकांना गाठ नसतेच. सर्दी, खोकला, पोटातले आम्ल वर येणे, तंबाखू आणि अतोनात ओरडणे हीच नेहमीची कारणे होत. ज्यांच्या स्वररज्जूंवर काही उगवलेले दिसते, त्यांतही पुष्कळांचे ते नांगर धरणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे घट्टे, किंवा सुजेचे मऊ फुगवटे असतात. खरी अर्बुदे थोडी; त्यांतली साधी आणखी थोडी; आणि त्या साध्यांपैकी चामखिळीसारखा एक प्रकार वगळला तर उरलेल्या जाती इतक्या विरळा, की त्यांतली एखादी जात कित्येक डॉक्टरांच्या उभ्या कारकिर्दीत दृष्टीस पडत नाही. या विरळा मंडळींचीच कैफियत येथे मांडायची आहे.

सोबतीला एक कल्पित गृहस्थ घेऊ. ते शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांत बोली पुकारतात, असे समजा. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला त्यांचा आवाज बसला. हंगामच तो, बसणारच, असे म्हणून त्यांनी मध-हळद घेतली, ज्येष्ठमधाची कांडी चघळली. संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला, तरी आवाज उघडेना. तेव्हा घरच्यांनी बळेच दवाखान्यात आणले. तीन-चार आठवडे लोटूनही बसलेला आवाज सुटत नसेल तर कंठ पाहिलाच पाहिजे, हा वैद्यकाचा शिरस्ता आहे. त्यात तंबाखू-विडी असेल, गिळताना दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा गळ्यावर गाठ हाताला लागत असेल, तर तेवढेही थांबू नये. आमच्या सौदेवाल्यांनी अडीच महिने घालवले होते.

२. दुधावरची साय

कंठमणी म्हणून जो उंचवटा पुरुषांच्या गळ्यात दिसतो तो एका ढालीसारख्या कूर्चेचा पुढचा काठ होय. तिच्या खाली अंगठीच्या आकाराची दुसरी कूर्चा असते, जिचा खडा मागच्या बाजूला असावा तशी ती मागे रुंद व पुढे अरुंद असते. आणि त्या रुंद भागावर दोन चिमुकल्या तिकोनी कूर्चा बसलेल्या असतात. या तिकोनी कूर्चांपासून पुढे ढालीच्या आतल्या अंगापर्यंत दोन पट्ट्या ताणलेल्या असतात, त्याच स्वररज्जू. श्वास घेताना त्या दाराच्या दोन फळ्यांप्रमाणे उघडतात, बोलताना मिटतात, आणि खालून येणारी हवा त्यांच्या मिटलेल्या कडांना थरथरवीत बाहेर पडते. पुरुषांत त्यांची कंप पावणारी लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, स्त्रियांत दीडच्याही आत. देवाने, किंवा उत्क्रांतीने म्हणा, एवढ्याशा जागेत श्वासाची वाट, अन्न फुप्फुसात जाऊ न देणारा पहारा आणि भाषणाचे यंत्र अशी तीन खाती एकाच कारकुनाकडे सोपवलेली आहेत.

थरथर म्हणजे किती? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज लागला, की या दोन कडा सेकंदाला सुमारे १३८ वेळा एकमेकींना भेटतात. तो षड्ज अखंड तासभर धरता आला असता तर भेटींची संख्या १३८ गुणिले ३६००, म्हणजे पाच लाखांच्या घरात गेली असती.

इतका वेग स्नायूसारख्या जड वस्तूला झेपत नाही. तो झेपतो वरच्या अस्तराला, आणि हे कसे घडते ते समजण्यासाठी दुधाचा पेला पुढे घ्यावा. (गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचे फेसाळ धारोष्ण दूध कितीही नामांकित असले तरी आपल्या दृष्टांताला ते निरुपयोगी; येथे तापवून निवलेले, साय धरलेले दूध हवे.) त्या सायीवर हलकेच फुंकर घातली तर दूध जागच्या जागी राहते आणि साय मात्र सुरकुत्यांच्या लहरी काढीत सरकते. स्वररज्जूची घडण अशीच आहे: आत स्नायूचा गाभा, वर पातळ त्वचा, आणि दोहोंच्या मध्ये मुरंब्याच्या पाकासारखा मऊ, सरकता थर. जपानचे मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये ही थरांची उपपत्ती मांडली आणि तेव्हापासून कंठाच्या शस्त्रक्रियेची नीतीच पालटली. साय एका जागी पेल्याला चिकटली, की फुंकर कितीही घाला, तेथे लहर उठत नाही. स्वररज्जूच्या कडेवर गाठ आली, किंवा गाठ काढताना मधला मऊ थर खरवडला जाऊन त्या जागी वण धरला, तर आवाजाचे हेच होते. म्हणजे गाठ आवाज बिघडवते, आणि ती अविचाराने काढणारा हातही तोच आवाज तेवढाच बिघडवू शकतो. पुढचे सारे प्रकरण या एका अडचणीभोवती फिरते.

३. गवयाचा आरसा

जिवंत माणसाचा कंठ चालताना प्रथम नीट पाहिला तो एका वैद्याने नव्हे, गाणे शिकवणाऱ्याने. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यातला गायनाचार्य; आपले शिष्य ज्या यंत्राने गातात ते आतून दिसते तरी कसे, या ध्यासाने त्याने १८५४ मध्ये दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले, आणि स्वतःच्या स्वररज्जूंची उघडझाप पाहिली. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मध्य युरोपातल्या ट्युर्क आणि चेर्माक या वैद्यांनी तो आरसा रोगनिदानासाठी उचलला, आणि चेर्माकने उन्हाच्या जागी दिवा आणल्यामुळे ढगाळ दिवशीही कंठ दिसू लागला.

१८५५ हे साल कोल्हापूरकरांनी आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म त्याच वर्षीचा. शाहू महाराजांच्या दरबारी १८९५ च्या सुमारास येण्यापूर्वी, एका संस्थानिकाच्या आग्रहाखातर लागोपाठ अनेक दिवस गायल्याने त्यांचा आवाज फुटला, दीर्घकाळ गाता येईना, आणि जो आवाज पुढे परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी पेचदार, लयीला धरून चालणारी गायकी त्यांनी घडवली, हे त्यांच्या घराण्यात सर्वश्रुत आहे. त्यांच्या कंठात नेमके काय झाले होते, याचे निदान आज बसल्या जागी करणे हा आगाऊपणा होईल, आणि गाठीचा तर प्रश्नच नाही. परंतु १८८३ पासून गाण्याचा देवल क्लब चालवणाऱ्या या गावात आवाज जाणे म्हणजे काय, हे लोकांना फोड करून सांगावे लागत नाही.

आरशाची तपासणी अजूनही चालते. डॉक्टर आरसा दिव्यावर किंचित शेकतात, नाहीतर श्वासाच्या वाफेने तो धुरकटतो, मग त्याची पाठ स्वतःच्या मनगटावर टेकवून चटका बसत नाही ना हे पाहतात, रुग्णाची जीभ मलमलीच्या घडीत धरून पुढे ओढतात, आरसा पडजिभेला मागे सारीत आत नेतात आणि म्हणतात, "ई म्हणा." सौदेवाल्यांसारख्या भक्कम गड्यालाही या वेळी उमळून येते. म्हणून हल्ली नाकावाटे बारीक लवचीक दुर्बीण घालतात. बधिर करणारा फवारा मारला, की रुग्ण बोलता-बोलता, गाता-गाता कंठ पडद्यावर दिसतो. तिला लुकलुकत्या दिव्याची जोड दिली तर आणखी एक चमत्कार घडतो. सिनेमात टांग्याचे चाक धावताना मध्येच संथ किंवा उलटे फिरताना दिसते, ते आठवा. त्याच युक्तीने सेकंदाला शंभरदा हलणारी साय डोळ्यांपुढे संथपणे लहरताना दिसते, आणि जेथे लहर अडते तेथे बोट ठेवता येते.

४. गाठ कुठे बसली आहे?

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तारेखालचा सुताचा धागा केसभर इकडेतिकडे सरकवतो आणि साऱ्या तंबोऱ्याचा गुंजारव पालटतो. स्वररज्जूची कड अशीच मानी आहे: तेथे मोहरीएवढी गाठ आली तरी मालकाला आठवड्याभरात कळते. उलट स्वररज्जूंच्या वरच्या मजल्यावर, कंठाच्या तोंडावरच्या झाकणाच्या आणि त्याच्या घड्यांच्या परिसरात, जागा ऐसपैस असल्यामुळे गाठ सुपारीएवढी होईतो केवळ घशात काही अडकल्यासारखे वाटते, किंवा आवाज तोंडात घास असल्यासारखा भरल्या घशाचा येतो. आणि स्वररज्जूंच्या खाली, अंगठीच्या कड्यात गाठ आली तर आवाज पुष्कळदा चांगला राहतो. पण श्वास घेताना शीळ वाजते.

हे कडे म्हणजे साऱ्या श्वासमार्गातली सर्वांत अवघड खिंड, कारण अंगठी चहूबाजूंनी बंद असल्याने सूज बाहेर फुगू शकत नाही. हिशेब करून पाहू. मोठ्या माणसाच्या या वाटेचा व्यास १६ मिलिमीटर धरला आणि चहूकडून एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास १४ उरतो. १४ चा वर्ग १९६, १६ चा २५६. म्हणजे वाट अजून तीन-चतुर्थांशाहून अधिक मोकळी आहे. तान्ह्या बाळाचा व्यास ४ मिलिमीटर. तेवढीच सूज आली की उरले २, आणि वर्गाच्या हिशेबाने वाट चौथाई झाली. हवेला होणारा विरोध तर, वाहत्या द्रवाच्या साध्या नियमाने, सोळा पट वाढतो. मोठ्याला ज्याची दादही लागणार नाही तेवढ्याने बाळाच्या छातीत खळगे पडू लागतात.

५. शितावरून भात

सौदेवाल्यांच्या उजव्या स्वररज्जूवर, मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, पिवळसर पांढरी, घट्ट दिसणारी गाठ आढळली, असे समजा. आता पुढची पायरी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची, जिला सगळेच आता बायॉप्सी म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा करणे हा आपल्या स्वयंपाकघराचा नियम. पण तो खरा ठरायला सारे भांडे सारखे शिजलेले असावे लागते. कंठात ते तसे असेलच असे नाही, हे ज्या खटल्याने जगाला शिकवले त्याचा एक धागा, योगायोगाने का होईना, कोल्हापुरापर्यंत येतो.

ज्याला आज आपण सीपीआर म्हणतो आणि जुनी माणसे थोरला दवाखाना म्हणत, त्या इस्पितळाचे पूर्वीचे नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. हा अल्बर्ट एडवर्ड इंग्लंडचा युवराज. आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, हा आपल्या खटल्यातला रुग्ण. १८८७ च्या जानेवारीपासून फ्रेडरिकचा आवाज बसला होता. बर्लिनच्या वैद्यांना डाव्या स्वररज्जूवर उंचवटा दिसला. त्यांनी तो तापल्या तारेने जाळून पाहिला, पण तो पुन्हा उगवला, आणि कर्करोगाचा संशय घेऊन त्यांनी बाहेरून गळा उघडून गाठ काढण्याची तजवीज केली. अखेरचा सल्ला म्हणून लंडनचे मोरेल मॅकेन्झी यांना बोलावले. मॅकेन्झींनी आधी तुकडा तपासा असा आग्रह धरला, आणि तो तुकडा ज्यांच्यापुढे ठेवला ते रुडॉल्फ फिर्खो म्हणजे त्या काळच्या विकृतिशास्त्राचे सर्वोच्च न्यायालय. फिर्खोंना त्यात कर्करोग सापडला नाही. शस्त्रक्रिया तहकूब झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इटलीच्या सान रेमो येथे रोगाचे खरे स्वरूप उघडे पडले. फेब्रुवारीत गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवावी लागली. ९ मार्च १८८८ रोजी हा मूक झालेला मनुष्य सम्राट झाला आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला वारला. त्याच्या जागी आलेला मुलगा म्हणजे पहिल्या महायुद्धातला कैसर विल्हेल्म.

या प्रकरणी दोष कोणाचा, यावर जर्मन आणि इंग्रज वैद्य पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. माझ्या मते मॅकेन्झींचा तुकड्याचा आग्रह चुकीचा नव्हता, आणि फिर्खोंनी जे पाहिले तेही बहुधा खरेच पाहिले. मिळालेल्या तुकड्यात कर्करोग नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ होता. गाठीत कर्करोग नाही, असा तो वाचला गेला. साधेपणाचा निकाल गाठीच्या वागणुकीशी जुळत नसेल, तर तो अंतिम न मानता दुसरा, खोल तुकडा मागणे हे आता डॉक्टरचे कर्तव्य समजतात.

आता याची उलट बाजू, आणि आमच्या सौदेवाल्यांना तीच भोवणार होती. एका विरळा साध्या गाठीचे नाव दाणेदार पेशींची गाठ. मॉस्कोचे अब्रिकोसॉव्ह यांनी १९२६ मध्ये तिचे वर्णन केले. मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींपासून ती निघते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी रवाळ तुपासारख्या दाणेदार दिसतात. ती निरुपद्रवी, पण तिच्या डोक्यावरची त्वचा मात्र विलक्षण चाळवली जाते, जाड होते, खाली बोटे रोवल्यासारखी वाढते आणि थेट कर्करोगाचे सोंग आणते. चिमट्यात केवळ वरचा पापुद्रा आला, तर तपासनीस निष्णात असूनही कर्करोगाचा शेरा मारण्याची भीती असते. आणि त्या शेऱ्यावर विसंबून एखाद्या निरोगी कंठाला किरणोपचार द्यावेत, किंवा त्याहून मोठी शस्त्रक्रिया करावी, असा अनर्थ घडू शकतो. म्हणून शहाणा डॉक्टर तुकड्यासोबत नुसते नाव आणि वय पाठवीत नाही. गाठ कोठे आहे, दिसते कशी, वाढली किती दिवसांत, हे लिहून पाठवतो, आणि शंका आली तर फोन उचलून तपासनीसाशी बोलतो. सौदेवाल्यांच्या पहिल्या अहवालात 'कर्करोगाचा संशय' असे आले. तुकडा उथळ असल्याचे तपासनीसांनीच लक्षात आणून दिले. दुसरा तुकडा खोलातून घेतला तेव्हा खाली दाणेदार पेशींचा थर सापडला. त्या पंधरा दिवसांत घरात कोणी धड जेवले नव्हते.

आपल्या मुलखात आणखी एक तोतया आहे, आणि तो विरळा मुळीच नाही: क्षय. कंठाचा क्षय हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो, म्हणून छातीचे चित्र आणि थुंकीची तपासणी यांना फाटा देऊ नये.

६. प्रत्येकीची खोड निराळी

आता उरलेल्या जातींपैकी काहींशी ओळख करून घेऊ. सगळ्यांची यादी देण्यात स्वारस्य नाही.

चामखिळीसारख्या गाठींना पॅपिलोमा म्हणतात. कंठाच्या साध्या अर्बुदांत त्यांची संख्या सर्वांत मोठी. एका विषाणूच्या ६ आणि ११ क्रमांकाच्या जातींमुळे त्या होतात, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसतात, आणि काढल्या तरी पुन्हा उगवतात, कारण शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही विषाणू दबा धरून असतो. लहान मुलांना वारंवार, कधी वर्षातून अनेकदा, शस्त्रक्रिया घ्यावी लागते. त्यामुळे पहिल्याच खेपेस सारे मुळासकट खरवडण्याचा हव्यास धरणारा सर्जन आवाजाचे नुकसान मात्र करतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये बाजारात आलेली लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी म्हणून ओळखली जाते; पण तिच्यात ६ आणि ११ याही जाती अंतर्भूत आहेत. ऑस्ट्रेलियात अशा लसीची मोहीम राबवल्यानंतर मुलांतल्या या गाठी घटल्या, ही कंठाच्या दृष्टीने अवांतर मिळालेली कमाई होय.

तान्ह्या बाळाच्या कड्यात येणारी रक्तवाहिन्यांची गाठ जन्मतः सहसा बोलत नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाढू लागते, आणि आईला बाळाच्या श्वासाची शीळ ऐकू येते. निम्म्या बाळांच्या अंगावर कोठेतरी तसाच लाल डाग असतो, आणि तो हनुवटी-जबड्यावर दाढीच्या जागी असेल तर संशय बळावतो. ही गाठ पुढे काही वर्षांत आपोआप ओसरते. प्रश्न असतो तोवर श्वास चालू ठेवण्याचा. त्यासाठी पूर्वी गळ्याला नळी, स्टिरॉइड, लेसर असे उपाय करीत. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो येथील डॉक्टरांनी हृदयाच्या तक्रारीसाठी एका बाळाला प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे जुने, स्वस्त औषध दिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरची अशीच गाठ मऊ पडून फिकटल्याचे त्यांच्या नजरेस आले. तेव्हापासून कंठातल्या गाठीलाही बहुधा प्रथम हेच औषध देतात. ज्या रोगासाठी शस्त्रे परजली जात, तो कित्येक बाळांत चमचाभर औषधाने आटोक्यात यावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

याच्या नेमकी उलट खोड पॅरागँग्लिओमाची. कंठाच्या वरच्या मजल्यावर, गुळगुळीत अस्तराखाली लालसर-निळसर फुगवटा दिसतो, आणि सवयीचा हात तुकडा घ्यायला पुढे होतो. तो हात आवरला नाही तर रक्त थांबता थांबत नाही. या गाठी रक्तवाहिन्यांनी खचाखच भरलेल्या असतात. शिरेत रंगद्रव्य देऊन सीटी काढले, की त्या दिव्यासारख्या उजळतात, आणि मग आधी त्यांचा रक्तपुरवठा आतून तोडून, पुष्कळदा गळ्याच्या बाहेरून वाट करून, त्या काढतात. येथे चित्र आधी, चिमटा मागाहून. शक्य तर चिमटा नाहीच.

कूर्चेची गाठ, म्हणजे काँड्रोमा, बहुधा अंगठीच्या त्या रुंद, मागच्या भागात येते. अस्तर निरोगी, खाली दगडासारखे कठीण. तुकडा घेऊ जावे तर चिमटा घसरतो. सीटीत तिच्यात चुन्याचे कण दिसतात, तोच तिचा शिक्का. पण हिच्या बाबतीत साधी आणि असाधी यांची सरहद्द इतकी पुसट असते, की जुन्या काळी साध्या म्हणून नोंदलेल्या पुष्कळ गाठी फेरतपासणीत मंद जातीच्या कर्करोगात जमा झाल्या. दिलासा एवढाच, की तो कर्करोगही अतिशय धिमा असतो, आणि दोहोंवर पहिला उपाय सारखाच: कंठ राखून गाठ काढणे.

मज्जातंतूच्या वेष्टनाची गाठ आणि चरबीची गाठ या दोघी अस्तराखाली गुळगुळीत फुगतात, वरवरच्या तुकड्यात काहीच सापडत नाही, आणि एमआरआय त्यांची ओळख पटवते. शेंगेतून दाणा निघावा तशा त्या टरफलासकट निघतात. चरबीची गाठ क्वचित देठावर लोंबू लागते, आणि खोकल्यासरशी वाटेत येऊन माणसाचा श्वास कोंडते; मग साधेपणाचा दाखला कोणाच्या कामी येणार?

७. किती काढायचे?

पूर्ण भूल देऊन रुग्णाला उताणे निजवतात, तोंडातून पोलादी नळी कंठापर्यंत नेऊन ती छातीवर टेकलेल्या दांडीच्या आधाराने स्थिर करतात, आणि तिच्या तोंडाशी सूक्ष्मदर्शक आणतात. दोन्ही हात मोकळे ठेवून, मोठे करून पाहत कंठात काम करण्याची ही पद्धत जर्मनीच्या क्लाइनझासर यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केली; १९७२ च्या सुमारास बोस्टनच्या स्ट्राँग व याको यांनी तिला लेसरची जोड दिली. भूल देणारा डॉक्टर आणि सर्जन यांना एकाच अरुंद दारातून ये-जा करायची असते, त्यामुळे दोघांचे आधी बोलणे न झालेली शस्त्रक्रिया सुरूच करू नये. लेसर असेल तर आणखी एक भय: श्वासाच्या नळीत प्राणवायू आणि बाहेर ठिणगी, म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून नळी खास बनावटीची, तिचा फुगा पाण्याने भरलेला, आणि भोवती ओल्या कापसाच्या घड्या.

कर्करोग काढताना भोवतीची निरोगी पट्टीही घ्यावी लागते; साधी गाठ काढताना ती पट्टी राखावी लागते, आणि या दोन कामांना लागणारी मने निराळी असतात. अस्तराला बारीक छेद देऊन ते पापुद्र्यासारखे उचलायचे, गाठ तेवढी सोडवायची, पापुद्रा परत अंथरायचा, गाभ्याच्या स्नायूला हात लावायचा नाही. दोन्ही स्वररज्जूंवर पुढच्या कोपऱ्याशी गाठी असतील तर एका बैठकीत एकच बाजू करायची; दोन कच्च्या कडा समोरासमोर राहिल्या तर त्या चिकटून बदकाच्या बोटांसारखा पडदा धरतात, आणि तो सोडवणे मूळ गाठीहून अवघड. काही वेळा थोडी गाठ जाणूनबुजून मागे ठेवावी लागते. दाणेदार गाठ मात्र पूर्ण काढावी, नाहीतर ती परतू शकते. पूर्ण काढली तर सहसा परतत नाही.

सौदेवाल्यांची पूर्ण निघाली. काही दिवस त्यांना संपूर्ण मौन सांगितले होते. कुजबुजणेही नको, कारण कित्येकांच्या कंठावर तिचा ताण बोलण्याइतकाच, कधी जास्तही, पडतो. मौन त्यांनी पाळले, पण मोबाइलवर निरोप लिहून घरच्यांना भंडावून सोडले. पुढे स्पीच थेरपिस्टकडे सहा आठवडे बसून पोटातून हवा सोडण्याचा सराव केला. तिसऱ्या महिन्यात दुर्बिणीत दिसले की साय पुन्हा लहरते आहे. मागच्या अंगाला किंचित आखडलेली, पण लहरते. केसपेपर आणि दोन्ही तुकड्यांचे अहवाल रेशनकार्डाच्या पिशवीत घालून, वर्षभर दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे ठरले. उठता उठता त्यांनी विचारले, पाडव्याच्या मुहूर्ताला बोली पुकारू का? पुकारा, असे सांगितले. मात्र हातात लाउडस्पीकर घेऊन.